रेघ, कोन आणि संगणक

(नभोवाणीवर दिलेलें भाषण)



कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालें म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक येतात. या टापूंत घरोघर हल्लीं एक लहानसा शब्द ऐकूं येतो. शेजारच्या मुलानें दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत प्रवेश घेतला, कोणाच्या मुलीनें स्थापत्याची पदविका मिळविली, आणि पाठोपाठ बातमी येते कीं, 'आतां कॅडचा वर्ग लावला आहे.' वर्ग लागला, फीहि भरली. पण कॅड म्हणजे काय, असें वडिलांना विचारलें तर ते म्हणतात, 'संगणकावर चित्रें काढावयास शिकवतात.' आईला विचारलें तर ती म्हणते, 'रात्रीं उशीरापर्यंत पडद्यावर रेघा ओढीत बसतो खरा.' दोन्ही उत्तरांत थोडें थोडें सत्य आहे. पण तेवढ्यानें काम भागत नाहीं. ज्या विद्येवर आपल्या मुलाचें पोट चालावयाचें, तिची निदान बाराखडी घरांतील वडील माणसांना ठाऊक असावी, या हेतूनें आजचें हें भाषण योजिलें आहे. मी स्वतः इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें शाळेंत भूमिति शिकवीत राहिलेला एक मास्तर आहें. परंतु या विषयाची गंमत अशी कीं, तो समजण्यास शाळेंतील भूमितीहून फार अधिक कांहीं लागत नाहीं. किंबहुना ती भूमिति कच्ची राहिली तर बाकीचें सारें शिकून न शिकल्यासारखें होतें, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

कॅड हीं तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें: कॉम्प्यूटर, एडेड आणि डिझाइन. संगणकाच्या साहाय्यानें करावयाची रचना, असा त्यांचा अर्थ. या नांवांतील 'साहाय्यानें' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. रचना करणारा माणूस. संगणक हा त्याचा मदतनीस. शिवाय चित्र आणि रेखाटन यांत एक मोठा भेद आहे. चित्र डोळ्यासाठीं असतें, रेखाटन हातासाठीं असतें. चित्रांतील आंबा जरा मोठा झाला तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु पंपाच्या दांड्याचें रेखाटन अर्ध्या मिलिमीटरनें चुकलें तर तो दांडा बेअरिंगांत शिरत नाहीं, किंवा शिरला तर खडखडत राहतो. रेखाटन म्हणजे योजणाऱ्यानें घडविणाऱ्याला धाडलेलें पत्र होय. पत्र लिहिणारा पुण्यास असेल, घडविणारा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर उभा असेल. दोघांची कधीं भेटहि व्हावयाची नाहीं. म्हणून या पत्रांत संदिग्ध असें कांहीं राहतां कामा नये.

मापाचें रेखाटन ही कल्पना या भागाला नवी नाहीं. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, या वर्षाचा शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा लेख आहे. असें मंदिर उभारणाऱ्या प्रमुख कारागिराला आपल्याकडे सूत्रधार म्हणत. सूत्र म्हणजे दोरी, आणि ती धरणारा तो सूत्रधार. पुढें इंग्रजी अमदानींत, १८६८ सालीं, सरकारनें या मंदिराचीं मापें घेऊन रेखाटनें, छायाचित्रें आणि सांचे करविण्याचें काम मुंबईच्या कलाशाळेकडे सोंपविलें. ऊन-पावसानें झिजलेला दगड पूर्वीं कसा होता, हें मागाहून येणाऱ्यांना अशाच रेखाटनांवरून कळतें.

अगदीं तीस-चाळीस वर्षांपूर्वींपर्यंत कारखान्यांतील ड्रॉइंग ऑफिस म्हणजे उतरतीं लांकडी मेजें, टी-स्क्वेअर, मिनी-ड्राफ्टर, ट्रेसिंगचा कागद आणि काळी शाई. अंबरनाथला १९५३ सालीं मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हा यंत्रांचे नमुने बनविण्याचा सरकारी कारखाना निघाला, तो काळ याच मेजांचा होता. एखादी रेघ चुकली म्हणजे ब्लेडच्या पात्यानें ती अलगद खरवडून काढावयाची. जरा अधिक खरवडलें कीं कागदाला भोंक पडे आणि दोन दिवसांचें काम फुकट जाई. मूळ कागदावरून अमोनियाच्या वाफेवर प्रती निघत आणि त्या कारागिरांच्या हातीं पडत.

हें मेज पडद्यावर आणण्याचा मान इव्हान सदरलँड या तरुण अमेरिकन संशोधकाकडे जातो. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत त्यानें 'स्केचपॅड' नांवाची आज्ञावली सादर केली. प्रकाश टिपणाऱ्या लेखणीनें पडद्यावर खूण करावयाची आणि 'या दोन रेघा समांतर ठेव', 'या दोन बाजू सारख्या कर' असा हुकूम द्यावयाचा. संगणक तो पाळी. पण तो संगणक खोलीभर पसरलेला होता. पुढें १९८२ सालीं ऑटोडेस्क या कंपनीनें 'ऑटोकॅड' बाजारांत आणलें. तें मेजावर मावणाऱ्या लहान संगणकावर चालत असल्यामुळें ही विद्या हळूहळू लहान कारखानदार आणि वास्तुशिल्पी यांच्या आवाक्यांत आली.

आतां आपण पडद्यासमोर बसूं. ऑटोकॅड घ्या कीं त्याच्या जातीची दुसरी कोणतीहि आज्ञावली घ्या, पडद्याची मांडणी थोड्याफार फरकानें सारखीच असते. मध्यें मोठी मोकळी जागा दिसते. हाच आपला कागद. फरक इतकाच कीं, या कागदाला कडा नाहींत. खिळ्यापासून पुलापर्यंत वाटेल ती वस्तु त्यावर खऱ्या मापानें मावते. माऊस हलविला कीं एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेघांची फुली त्या जागेंत फिरूं लागते. तिला क्रॉसहेअर म्हणतात. तेंच आपल्या पेन्सिलीचें टोंक. वरच्या बाजूला चित्रखुणांची लांब पट्टी असते, तिचें नांव रिबन. सुताराच्या भिंतीवर हत्यारें ओळीनें टांगलेलीं असतात, तद्वत् रेघ, वर्तुळ, कमान, चौकोन यांचीं साधनें तेथें हारीनें मांडलेलीं असतात. तळाशीं कमांड लाइन नांवाची एक अरुंद ओळ असते. नवशिक्या मुलांचें तिच्याकडे लक्ष जात नाहीं, आणि खरें पाहतां तीच त्यांची शिक्षिका. रेघेचा हुकूम दिला कीं ती विचारते, 'पहिला बिंदु कोणता?' तो सांगितला कीं विचारते, 'पुढचा कोणता?' संगणक आपल्याकडून काय मागत आहे, तें सारें त्या ओळींत लिहिलेलें असतें. डाव्या कोंपऱ्यांत दोन बाणांची खूण असते. ती आडवी आणि उभी दिशा दाखविते. एस्केप ही कळ दाबली म्हणजे चालू हुकूम रद्द होतो, आणि अनडू म्हटलें कीं केलेलें काम एकेक पाऊल मागें फिरतें. ब्लेडनें कागद खरवडणाऱ्या जुन्या ड्राफ्ट्समनला या एका सोयीचें केवढें अप्रूप वाटलें असेल!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. झूम केलें म्हणजे वस्तु मोठी दिसते, पण ती मोठी होत नाहीं. आपण तिच्याजवळ गेलेलों असतों, इतकेंच. वस्तु खरोखर मोठी करावयाची तर स्केल हा निराळा हुकूम आहे. तसेंच पॅन म्हणजे कागद सरकविणें. वस्तु सरकविण्यास मूव्ह लागतें. पाहणें आणि बदलणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हा या विद्येंतील पहिला धडा समजावा.

आतां पहिली रेघ ओढूं. ती कोठून कोठें जावयाची, हें संगणकाला आंकड्यांत सांगावें लागतें. त्याची युक्ति फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भूमितीपासून चालत आली आहे. एका ठिकाणाला शून्य मानावें. मग उजवीकडे किती आणि वर किती, हे दोन आंकडे सांगितले कीं सपाटीवरील कोणताहि बिंदु सांपडतो. ४० आणि २५ म्हणजे उजवीकडे ४०, वर २५. ही झाली निरपेक्ष रीत. परंतु सुतार असें मोजीत नाहीं; तो म्हणतो, 'या खिळ्यापासून पुढें एक वीत.' त्यासाठीं आंकड्यांच्या आधीं ॲट हें चिन्ह घालावयाचें. मग मोजणी मागच्या बिंदूपासून होते. ही सापेक्ष रीत. तिसरी रीत अंतर आणि कोन यांची: 'येथून १०० पुढें, ३० अंशांच्या कोनांत.' कोन मोजावयाचा तो उजवीकडच्या आडव्या रेषेपासून, घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें, म्हणजे वहींत कोनमापक ठेवून आपण मोजतों तसाच. सातवी-आठवीच्या मुलाला जें येतें, त्याहून यांत नवें कांहीं नाहीं.

हात स्थिर राहावा म्हणून कांहीं साधनें दिलेलीं असतात. त्यांचीं बटणें अगदीं तळच्या पट्टींत असतात. ऑर्थो हा आपला कंपासपेटींतील गुण्या. तो चालू असतां रेघ उभी किंवा आडवीच पडते. ग्रिड म्हणजे आलेख-कागदाच्या चौकटी. आणि सर्वांत उपयोगाचें साधन तें ऑब्जेक्ट स्नॅप. रेघेचें टोंक, तिचा मध्यबिंदु, वर्तुळाचें केंद्र, दोन रेघांचा छेद यांच्याजवळ फुली नेली कीं हें साधन तो बिंदु अचूक पकडतें. ज्याला याची संवय नाहीं, तो दोन टोंकें नुसत्या डोळ्यानें जुळवितो. तीं जुळलेलीं दिसतात. पण जवळ जाऊन पाहिलें तर त्यांत केसाएवढी फट असते. हेंच रेखाटन पुढें लेसरनें पत्रा कापणाऱ्या यंत्राकडे गेलें म्हणजे यंत्राच्या लेखीं तो आकार बंदच होत नाहीं, आणि काम अडून बसतें. डोळा क्षमा करतो, यंत्र करीत नाहीं.

एक साधा नमुना घेऊन पाहूं. नळाला नळ जोडतांना जी गोल चकती लागते, तिला कारखान्यांत फ्लँज म्हणतात. समजा, चकतीचा व्यास १२० मिलिमीटर, मधलें भोंक ५० मिलिमीटर, आणि बोल्टसाठीं १४ मिलिमीटरचीं ४ भोंकें, ज्यांचीं केंद्रें ९० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. संगणकावर एकाच केंद्रावरून १२०, ५० आणि ९० व्यासांचीं तीन वर्तुळें काढावीं. यांपैकीं ९० चें वर्तुळ केवळ आंखणीसाठीं. तें कापावयाचें नसतें. त्याच्या उजव्या टोंकावर १४ चें एक लहान वर्तुळ काढावें आणि ॲरे हा हुकूम देऊन सांगावें कीं, 'केंद्राभोवतीं सारख्या अंतरावर याच्या एकूण ४ प्रती कर.' क्षणांत काम होतें. मात्र भोंकें ४ च कां, ९० च्याच वर्तुळावर कां, आणि भोंकाबाहेर कडेला किती लोखंड शिल्लक राहतें, हें संगणक विचारीत नाहीं. हिशेब सोपा आहे: केंद्रापासून ४५, त्यांत भोंकाची त्रिज्या ७ मिळविली कीं ५२, चकतीची त्रिज्या ६०, म्हणजे कडेला ८ मिलिमीटर उरले. हा हिशेब माणसानें करावयाचा.

बदल करण्याचे हुकूम समजण्यास उल्हासनगरचें उदाहरण सोयीचें आहे. तेथें जीन्सच्या पाटलोणी शिवण्याचा मोठा धंदा आहे, आणि कपड्याच्या तुकड्यांचे नमुने आतां अशाच प्रकारच्या आज्ञावलींत काढतां येतात. डाव्या पायाचा तुकडा काढला कीं मिरर या हुकमानें आरशांत दिसावा तसा उजव्या पायाचा तुकडा मिळतो. शिंपी शिलाईसाठीं जी माया सोडतो, ती सोडावयास ऑफसेट. मूळ रेघेपासून सारख्या अंतरावर तो दुसरी रेघ काढतो. रेघेचें वाढलेलें शेपूट छाटावयास ट्रिम, आंखूड पडलेली रेघ पुढच्या रेघेपर्यंत नेण्यास एक्स्टेंड, कोंपरा गोल करावयास फिलेट आणि तिरपा छाटावयास चॅम्फर. अनेक वस्तु एकदम निवडावयाच्या तर माऊसनें त्यांच्याभोवतीं चौकट ओढावी. येथें एक बारकावा आहे. चौकट डावीकडून उजवीकडे ओढली तर तींत पूर्ण आलेल्या वस्तूच निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढली तर जिला नुसता स्पर्श झाला तीहि वस्तु धरली जाते. हा फरक ठाऊक नसला म्हणजे नको ती रेघ पुसली जाते.

तुकडे तयार झाले कीं कापडावर ते असे बसवावयाचे कीं चिंध्या कमींत कमी जाव्या. संगणक हें काम झपाट्यानें करतो. पण कापडाला उभा धागा आणि आडवा धागा असतो, हें त्याला आधीं सांगून ठेवावें लागतें. तें सांगितलें नाहीं तर तो कापड वाचविण्यासाठीं एखादा तुकडा तिरपा फिरवून बसवील. पाटलोण शिवून होईल, दुकानांत चांगली दिसेलहि, आणि धुतल्यावर तिचा पाय पिळवटेल. वीतभर कापड वाचलें आणि गिऱ्हाईक गेलें! हा धागा ओळखावयास बोटांनीं कापड चाचपलेलें असावें लागतें.

आतां बदलापुराकडे वळूं, कारण घरांचीं मापें आणि नकाशे यांचा संबंध तेथें घरोघर येतो. घराच्या नकाशाचा प्राण म्हणजे लेयर, अर्थात् थर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावे आणि एकावर भिंती, दुसऱ्यावर दारें-खिडक्या, तिसऱ्यावर पाण्याचे नळ, चौथ्यावर विजेच्या तारा काढाव्या, तशी ही योजना. गवंड्याला छापून देतांना विजेचा थर बंद ठेवावा, वायरमनला देतांना तो उघडावा. प्रत्येक थराचा रंग आणि रेघेची जाडी निराळी ठेवतां येते. घर नकाशावर असें स्वच्छ मांडलेलें असलें म्हणजे न्हाणीघराचा नळ आणि विजेची तार एकाच जागीं येत आहे, हें भिंत फोडण्यापूर्वींच दिसतें.

गांवाच्या नकाशांतहि असेच थर असतात. उल्हास नदीच्या कांठीं राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ चा पूर विसरतां येणार नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली होती, आणि शेंकडों उतारूंना तेथून सोडवावें लागलें. नदीकांठच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा दाखवितात. निळी साधारणतः २५ वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची. संगणकावर या रेषा आपापल्या थरांत असतात. थर बंद केला कीं रेषा दिसेनाशी होते. नदी मात्र बंद होत नाहीं. म्हणून घर घेतांना विक्रेता जो रंगीत आणि गोजिरवाणा नकाशा दाखवितो, त्यावर समाधान मानूं नका. 'पूररेषेचा थर उघडून दाखवा', असें शांतपणें म्हणा. हा एक तांत्रिक शब्द ठाऊक असण्याची किंमत केवढी आहे, हें निराळें सांगावयास नको.

थराच्या जोडीचा शब्द म्हणजे ब्लॉक. एकदां काढलेलें दार गठ्ठा बांधून ठेवावयाचें आणि इमारतींत ४० ठिकाणीं बसवावयाचें. पुढें मूळ दाराची रुंदी बदलली कीं चाळीसहि दारें आपोआप बदलतात. ही कल्पनाहि तशी जुनीच. अंबरनाथच्या मंदिराचें शिखर पाहिलें असेल त्यांना आठवेल कीं, त्यावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृति ओळीनें वर चढत गेल्या आहेत. नमुना एक, पुनरावृत्ति अनेक. पण आमच्या त्या पाथरवटाला प्रत्येक प्रत पुन्हां छिन्नीनें घडवावी लागली.

आतां प्रमाणाविषयीं. कागदावर घर काढावयाचें तर तें लहान करूनच काढावें लागे. संगणकावर तसें करूं नये. १० मीटर लांबीचें घर १० मीटरचेंच काढावें. ही जागा मॉडेल नांवाच्या कप्प्यांत असते. छापावयाच्या वेळीं शेजारच्या लेआउट नांवाच्या कप्प्यांत जाऊन प्रमाण ठरवावें. १ ला १०० प्रमाण घेतलें तर तेंच घर कागदावर १० सेंटिमीटर होतें. मापें दाखविण्यासाठीं डायमेन्शन हें साधन आहे. तें आंकडा आपल्या मनानें घालीत नाहीं, रेघ मोजून घालतें. परंतु तो आंकडा पुसून त्या जागीं हातानें दुसरा लिहिण्याची मुभाहि आज्ञावली देते, आणि घाईंत असलेला नवशिका तीच वाट धरतो. रेघ ९८ ची, लिहिलें १००! कागद वाचणारा कारागीर १०० करतो. रेखाटन थेट घेणारें यंत्र ९८ करतें. आणि दोन भाग जुळवितांना कोणीच कोणाशीं जुळत नाहीं. मी तर म्हणेन कीं, रेघ न सुधारतां आंकडा बदलणें ही या धंद्यांतील असत्य बोलण्याची रीत होय.

सपाट आकारापासून घन वस्तु करणेंहि सोपें आहे. आपली ती फ्लँजची चकती घ्या. एक्स्ट्रूड म्हणून १२ मिलिमीटर जाडी सांगितली कीं पडद्यावर भरीव चकती उभी राहते. रिव्हॉल्व्ह म्हटलें तर कुंभाराच्या चाकावर मडकें आकार घेतें तशी अर्धी आकृति आंसाभोवतीं फिरून पूर्ण वस्तु होते. याच्याहि पुढची पायरी म्हणजे बंधनें. सदरलँडनें १९६३ त दाखविलेली कल्पना आज सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड यांसारख्या आज्ञावलींत पूर्ण रूपास आली आहे. दोन रेघा समांतर, दोन वर्तुळें एककेंद्री, हा व्यास त्या व्यासाच्या निम्मा, अशीं नातीं सांगून ठेवावयाचीं. पडद्याच्या कडेला एक झाडासारखी यादी असते; वस्तु कोणत्या क्रमानें घडली, त्याचा तींत इतिहास असतो. त्या यादींत मागें जाऊन ४ भोंकांच्या जागीं ६ लिहिलें कीं सारी चकती नव्यानें घडते. मात्र नातीं सांगतांना विचार केलेला नसेल तर एक आंकडा बदलतांच सगळी वस्तु वेडीवांकडी होते. कुटुंबाप्रमाणें येथेंहि नातीं आधीं नीट जुळलेलीं असावीं लागतात!

आतां चुकांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण खरी मेख तेथेंच आहे. पहिली चूक एककाची. संगणकाला २५ हा आंकडा कळतो. ते २५ मिलिमीटर कीं २५ इंच, हें आपण ठरवून सांगावयाचें. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हां गफलत झाली तर वस्तु पंचवीस पटींनीं मोठी किंवा लहान होईल. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. तरी नळाचे आटे इंचांत बोलले जातात आणि सुताराच्या तोंडीं अजून सूत असतें. असल्या घोटाळ्यांतून मोठे लोकहि सुटलेले नाहींत. १९९९ सालीं अमेरिकेचें मंगळाकडे धाडलेलें एक यान नष्ट झालें, तें एका गटानें इंग्रजी मापें आणि दुसऱ्यानें दशमान मापें वापरल्यामुळें.

दुसरी चूक प्रक्षेपाची. एकाच वस्तूचीं समोरून, वरून आणि बाजूनें अशीं तीन दृश्यें कागदावर मांडतात. आपल्याकडे प्रथम कोनाची पद्धत चालते. तींत वरून दिसणारें दृश्य समोरच्या दृश्याच्या खालीं काढतात. अमेरिकेंत तिसऱ्या कोनाची पद्धत आहे. तेथें तें वर काढतात. बाजूच्या दृश्याचीहि अशीच उलटापालट होते. कोपऱ्यांतील लहानशी खूण न पाहतां परदेशी रेखाटन वाचलें तर डावीकडचें भोंक उजवीकडे पडतें, आणि मोलाचें पोलाद भंगारांत जातें. तिसरी चूक आवृत्तीची. एअरबस कंपनीच्या ए-३८० या अवाढव्य विमानाच्या बाबतींत २००६ सालीं असें आढळून आलें कीं, जर्मनींतील आणि फ्रान्समधील कारखाने एकाच आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्ति वापरीत होते. त्यामुळें विजेच्या तारांचे जुडगे विमानांत नीट बसेनात, आणि विमानें ताब्यांत देण्यास मोठा विलंब लागला. तेथें हुशार माणसांची वाण नव्हती. पत्रव्यवहाराची भाषा तेवढी एक राहिली नव्हती.

या तिन्ही प्रसंगीं संगणकाचें कांहीं चुकलें असें म्हणतां यावयाचें नाहीं. त्यानें सांगितलेलें केलें. त्याचा धर्मच असा आहे कीं, बरोबर गोष्ट तो अचूक काढतो आणि चुकीची गोष्टहि तितकीच अचूक काढतो. पूर्वींच्या मेजावर चुकलेलें रेखाटन बहुधा ओबडधोबड दिसे, आणि पाहणाऱ्याला संशय येई. आतां चुकलेलें रेखाटनहि देखणें असतें. त्यामुळें आंकड्यावर संशय घेण्याची संवय पूर्वींपेक्षां आज अधिक लागते.

म्हणून पालकांना माझें नम्र सांगणें आहे. मुलाला किंवा मुलीला (आणि हें काम मुलींनाहि उत्तम साधतें) कॅडच्या वर्गाला अवश्य घाला. परंतु किती हुकूम पाठ झाले, एवढ्यावर समाधान मानूं नका. हुकूम वर्षा-दोन वर्षांनीं बदलतात, चित्रखुणा जागा सोडतात. भूमिति जागा सोडीत नाहीं. घरांतील पाट, डबा, नळाची तोटी पुढें ठेवून म्हणा, 'मोजपट्टीनें आणि व्हर्नियरनें मोज, हातानें तीन दृश्यें काढ, मग संगणकावर काढ.' काढून झालें कीं एखाद्या आंकड्यावर बोट ठेवून विचारा, 'हा कोठून आला?' याचें उत्तर आलें तर फी सार्थकीं लागली असें समजा. महागडी आज्ञावली परवडत नाहीं म्हणून अडून बसण्याचेंहि कारण नाहीं. फ्रीकॅड आणि लिबरकॅड या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात, आणि मूळ तत्त्वें सर्वत्र तींच आहेत. शक्य असेल तर एक दिवस त्याला एखाद्या ओळखीच्या कारखान्यांत, सुताराकडे किंवा शिंप्याकडे उभें राहूं द्या. आपण काढलेल्या रेघेवर दुसऱ्याचा हात चालतो, त्या रेघेवर करवत फिरते, कात्री फिरते, हें ज्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, तो पडद्यावर रेघ ओढतांना सहसा निष्काळजी राहत नाहीं.

बिंदु, रेघ, कोन, वर्तुळ आणि माप एवढाच या विद्येचा मूळ ऐवज आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरांत शाळेच्या दप्तरांतून केव्हांच येऊन पोंचला आहे. तो नीट सांभाळला तर पुढची पायरी कठीण नाहीं.